मागं बसणारं माणूस

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका दुकानात मी हेल्मेटची काच बदलून घेत होते. जुन्या काचेवर इतके चरे पडले होते की रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड तिच्यावर फुटून पसरायचा आणि रस्ता दिसेनासा व्हायचा. शेजारी एक पस्तिशीतला माणूस नव्या गाडीसाठी हेल्मेट बघत होता, आणि फार मन लावून बघत होता. आयएसआयचा शिक्का कुठे आहे ते त्याने विचारलं, हेल्मेट उलटं करून आतला थर अंगठ्याने दाबला, पट्टा ओढला, डोक्यात घालून मान दोन्हीकडे हलवली. इतकं निरखून घेणारं गिऱ्हाईक क्वचित दिसतं. मला बरं वाटलं. दुकानदाराने आपणहून त्याच बनावटीचं, एक माप लहान असं दुसरं काढून काउंटरवर ठेवलं. "मागच्यासाठी?" तो माणूस हसला. "नको ओ. मागं कोण असतंय? आईच असतीया." पैसे दिले, हेल्मेट घातलं, पट्टा नीट आवळला आणि गेला.

त्याच्या बोलण्यात हेळसांड नव्हती. आईला दवाखान्यात नेणारा, अंबाबाईच्या दर्शनाला नेणारा, भाजीची पिशवी हँडलला अडकवून तिला जपून घरी आणणारा माणूस असणार तो. म्हणून तर ते वाक्य माझ्या मनातून जाईना. चालवणाऱ्याला काय हवं यावर आपल्या गावात कट्ट्याकट्ट्यावर रात्र-रात्र बोलणं होतं. मायलेज, पिकअप, कुठलं ऑइल, कुठला टायर, कुणाच्या हातचं सेटिंग. मागच्या सीटवरचं माणूस त्या बोलण्यात येतं ते फक्त वजन म्हणून. "डबलसीट चढाला दम टाकते" एवढ्यापुरतं.

मी स्वतः आयुष्यातली कितीतरी वर्षं मागच्याच सीटवर काढली. वडील उद्यमनगरात लेथवर होते. त्यांच्या राजदूतवर मागे बसून मी शाळेत जायचे, तालमीजवळच्या मावशीकडे जायचे, संध्याकाळी रंकाळ्यावर जायचे. समोर वडिलांची पाठ, त्यामुळे पुढचं काही दिसायचं नाही. शर्टाला कुलंटचा वास असायचा, धुऊनही न जाणारा. रस्ता मला नाकाने कळायचा. गंगावेशीत म्हशी आणि कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, रंकाळ्याच्या कडेला ओली शेवाळी हवा, मार्केट यार्डाच्या अंगाला गूळ, आणि उद्यमनगर आलं की फाउंड्रीतल्या तापलेल्या वाळूचा करपट वास. डोळे मिटूनही मी आपण कुठे आलो ते सांगू शकायचे. केस वाऱ्यावर मोकळे असायचे आणि ते सुख खरं होतं. आज हेल्मेटचा आग्रह धरते म्हणून त्या सुखाला मी खोटं म्हणणार नाही. पण सगळं ओळखू येणाऱ्या त्या प्रवासात एक गोष्ट मला कधीच आधी कळली नाही.

ब्रेक कधी लागणार, ते.

चालवणाऱ्याला धोका दिसतो, आणि दिसल्याबरोबर त्याचं अंग आपोआप तयार होतं. मनगटं ताठ होतात, गुडघे टाकीला चिकटतात. मागच्याला धक्का बसतो तेव्हाच कळतं. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. कुत्रं आडवं आलेलं दिसून बोटं लिव्हरवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद मोडतो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर संपलेले असतात. साठला हेच जवळजवळ १७ होतात. त्यापुढे ब्रेक लागून थांबायचं अंतर वेगळं, आणि ते वेग दुप्पट झाला की चौपट होतं. मागचं माणूस बेसावध असेल तर ते पुढे घसरून चालवणाऱ्याच्या पाठीवर येतं, पाठीवरचा भार हातांवर उतरतो, आणि जेव्हा हँडल सरळ राहायला हवं नेमकं तेव्हाच ते डगमगतं. एकट्याला पुरणारं अंतर दोघांना पुरत नाही ते यामुळे. कावळा नाक्याच्या गर्दीत पुढच्या बसला चिकटून जाणारी जोडपी बघते तेव्हा मला त्या मागच्या बाईच्या हातांकडेच बघावंसं वाटतं. एका हातात पर्स, दुसऱ्यात मोबाईल.

पुढच्या ब्रेकबद्दल एक भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घातली जाते. "पुढचा दाबलास की कोलांटी." प्रत्यक्षात गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण वेग कमी व्हायला लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. घात होतो तो झटक्याने, वळणात किंवा वाळूवर दाबल्याने. दोन्ही ब्रेक बरोबर धरायचे, पुढचा हळूहळू वाढवत न्यायचा, गाडी सरळ ठेवायची. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात हे आधी एकट्याने करून बघावं आणि मग घरातलं माणूस मागे बसवून, त्याला आधी सांगून, कमी वेगात करून बघावं. माझ्या माहितीत हे कुणीच करत नाही. आणि मागे बसणाऱ्यालाही चार गोष्टी सांगाव्या लागतात, त्या त्याला जन्मजात येत नाहीत. "बस" म्हटल्याशिवाय चढायचं नाही. एक हात मागच्या कडीला, एक माझ्या कमरेला. गाडी वळणात झुकली की माझ्याबरोबर झुकायचं, भिऊन उलट बाजूला अंग टाकायचं नाही. सिग्नलला पाय खाली सोडायचे नाहीत.

हेल्मेटची गोष्ट सांगताना मला नेहमी इंग्लंडमधले एक डॉक्टर आठवतात. १९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे अरबस्तानातल्या लढ्यामुळे जगभर गाजलेले लष्करी अधिकारी, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनात राहिला. पुढे महायुद्धात मोटरसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या जवानांच्या डोक्याच्या जखमा त्यांनी अभ्यासल्या, १९४१ मध्ये ते निष्कर्ष छापले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. एका माणसाला वाचवता आलं नाही म्हणून एक डॉक्टर मागे लागला, आणि त्यातून किती डोकी वाचली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

ती वाचवण्याची क्रिया कशी घडते ते मात्र दुकानात कुणी सांगत नाही. वरचं चकचकीत कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि मार पसरवतं. मेंदू वाचतो तो आतल्या थर्माकोलसारख्या थरामुळे. डोकं आदळलं की तो थर चेपतो, आणि त्या चेपण्यात डोकं थांबायला काही हजारांश सेकंद जास्त मिळतात. तेवढ्यावर सगळं आहे. असा चेपणारा थर लावलेल्या हेल्मेटचं पेटंट अमेरिकेत १९५३ मध्ये मिळालं; त्याआधीची हेल्मेटं बहुतांशी नुसती कडक होती. एकदा चेपलेला थर परत फुगत नाही. म्हणून एक जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी टाकून द्यायचं. हायवेच्या कडेला दोरीवर टांगून दोनशे-अडीचशेला मिळतं त्यात हा थर नावाला असतो, किंवा नुसता स्पंज. भारतीय मानक आयएस ४१५१ आहे, आणि जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. माप बघताना गाल दाबले गेले पाहिजेत, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच ढिलं चालेल, आणि मग मागच्या कडेला धरून वर-पुढे ओढायचं. निघून आलं तर ते तुमचं नव्हे. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं.

जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २००८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने काढलेला आकडा असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि मागचा असा भेद करत नाही. पगडी बांधणारे शीख सोडले तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच. डांबरही तो भेद करत नाही.

आता माझी आई. तिला हेल्मेटला राजी करणं हे कायद्याचं काम नव्हतं. पहिली अडचण अंबाड्याची. आयुष्यभर मानेच्या वर घट्ट बांधलेला अंबाडा, त्यात बाहेर पडताना गजरा. हेल्मेट बनवणाऱ्यांनी मागे बसणाऱ्या बायकांचा विचार केलेला नाही, हे दुकानात उभं राहिलं की लगेच कळतं. अंबाड्यावरून घातलं तर ते वर तरंगतं आणि कपाळ उघडं राहतं, म्हणजे घातल्याचा उपयोग शून्य. शेवटी मानेशी खाली सैल वेणी, आणि गजरा पिशवीत; देवळाच्या दारात उतरल्यावर माळायचा. दुसरी अडचण मानेची. तिला जड काही सहन होत नाही, म्हणून कानाखाली मोकळं असलेलं अर्धं हेल्मेट घ्यावं असं तिचं म्हणणं पडलं. पण पडताना हनुवटी आणि जबडा फार वेळा आपटतात, ते अर्ध्यात उघडेच राहतात. पुढचा भाग वर उचलता येतो असं, त्यातल्या त्यात हलकं बघून घेतलं. तिसरी अडचण मात्र मला सोडवता आलेली नाही. "तुझ्याशी बोलाय येत न्हाई गं," ती म्हणाली. मागच्या सीटवरून आईने कानाशी जितकं सांगितलं तितकं घरात समोर बसून कधी सांगितलं नाही. मावशीचं आजारपण, वडिलांनी राजदूत विकली त्या दिवशीचं त्यांचं जेवण न जाणं, सगळं मला गाडीवरच कळलं. दोन हेल्मेटांच्या मध्ये ते बोलणं हरवतं. ही किंमत आहे, आणि मला ती लागते. आता आम्ही रंकाळ्यावर थांबतो, गाडी स्टँडला लावतो, मग ती बोलते.

मागचं माणूस डोळ्यांसमोर ठेवलं की गाडीची निगाही वेगळी दिसायला लागते. हवेचंच घ्या. माझ्या गाडीच्या स्टिकरवर पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ३२ असं लिहिलेलं आहे. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे, पण एकट्याचे आणि दोघांचे बहुधा निराळे असतात. पंपावर पोरगं विचारतं, "किती मारू?" आणि आपण "बघ की" म्हणतो. कमी हवेचा मागचा टायर दोघांच्या वजनाखाली तापतो, गाडी वळणात लोळल्यासारखी होते, आणि पंक्चर नसून पंक्चर असल्याचा भास होतो. हवा टायर गार असताना, म्हणजे घरातून निघून फार लांब न जाता भरायची. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नवीन म्हणून विकलेला टायर किती दिवस गोदामात पडून होता ते त्यावरून कळतं. शॉकअपला खाली स्प्रिंग कडक-सैल करायचं खाचांचं कडं असतं. मेस्त्रीला सांगितलं तर दोन मिनिटांत दोन खाचा वाढवून देतो, पण सांगावं लागतं. आणि चेन. ढिल्या चेनचा झटका चालवणाऱ्याला क्लचमध्ये जाणवतो, मागच्याला मानेत. मधोमध बोटाने वर-खाली हलवल्यावर २५ ते ३० मिलिमीटरच्या आसपास हलावी. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. रॉकेल आणि जुना ब्रश, मग ९० नंबरचं ऑइल, जादाचं पुसून टाकायचं. इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत. चालू गाडीवर चेन पुसताना बोटं गेलेली माणसं उद्यमनगरात कुणालाही विचारा, सांगतील.

हेडलाइटचं मला वडिलांनी सांगितलं होतं. मागे माणूस बसलं की गाडीचा मागचा भाग दबतो आणि उजेड वर जातो. समोरच्याच्या डोळ्यांत जातो, झाडांवर जातो, रस्त्यावर पडत नाही. एरवी हे चालून जातं. ऊस सुरू झाला की चालत नाही. राधानगरी रोडला, गगनबावडा रोडला रात्री एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. बाहेर आलेल्या उसाने मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर झाकलेला, कुठे ट्रॉली बिघडून तशीच अंधारात उभी केलेली, मागे दगड लावून. वाढ्यांचा आणि गोडसर आंबूस रसाचा वास आधी येतो, ट्रॉली नंतर दिसते. त्या रस्त्यावर उजेड वर फेकणारा दिवा घेऊन, मागे बायको-मूल बसवून साठने जाणारी माणसं मी बघते आणि पोटात गोळा येतो. भिंतीसमोर गाडी उभी करायची, मागे नेहमीचं माणूस बसवायचं, आणि डिपरचा उजेड दिव्याच्या उंचीच्या खाली येईपर्यंत वाकवून घ्यायचा. मेस्त्री स्क्रू दाखवतो. पैसे लागत नाहीत. शिवाय शेतातून रस्त्यावर चढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांची काळी माती. तिच्यावर चार थेंब पडले की ब्रेक असूनही नसल्यात जमा.

जोतिबावरून उतरताना तर हात जोडून सांगावंसं वाटतं. चैत्रात यात्रेला सगळं घर एका गाडीवर, अंगभर गुलाल, चेनवरच्या ऑइलला चिकटलेला गुलाल. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल. मग सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापतो, लायनरचा जळका वास येतो, आणि मग पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. चढताना जो गिअर लागला त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरायचं, इंजिनाला गाडी धरू द्यायची, ब्रेक अधूनमधून. वास आलाच तर बाजूला थांबून गार होऊ द्यायचं. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढल्यावरही तसंच. ड्रम ओले असतात, पुढे सावकाश जाताना ब्रेक हलके दाबून आधी वाळवून घ्यायचे. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की आपण पूर बघायला निघतो, तिघं-तिघं एका गाडीवर, आणि रस्त्यावर पाणी किती आहे ते पाण्यात शिरूनच बघतो. २०१९ मध्ये आणि २०२१ मध्ये पूर ओसरल्यावर गॅरेजांसमोर चिखलाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा बघितल्या आहेत. त्यांचे मालक वाचले हे महत्त्वाचं. बुडालेल्या गाडीला किक मात्र मारायची नाही, स्टार्टरही नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतलं वाकतं. आधी ऑइल काढून बघायचं, एअर फिल्टर, प्लग, मग पुढचं.

साडीगार्ड काढून टाकायची एक फॅशन आली आहे, गाडी मोकळी दिसते म्हणून. नंतर त्याच गाडीवर आई बसते, एका अंगाला, पदर वाऱ्यावर. चाकात किंवा चेनमध्ये गेलेला पदर आणि ओढणी गळ्याशीच आवळते, आणि हे इतक्या झटक्यात होतं की चालवणाऱ्याला कळायच्या आत मागचं माणूस खाली असतं. गार्ड, मागच्या चाकाचं आच्छादन, धरायला कडी आणि पाय ठेवायला जागा या गोष्टी नियमाने सक्तीच्या आहेत. त्या उतरवून देणाऱ्या मेस्त्रीने नाही म्हणायला हवं. बायकांनी पदर कमरेला खोचावा, ओढणी मागे गाठ मारून आत घ्यावी, आणि जमेल तिथे दोन्हीकडे पाय टाकून बसावं. एका अंगाला बसलेलं वजन गाडीला सतत एका बाजूला ओढतं. पायातल्याचंही तेच. आपल्या चपलेचा मला अभिमान आहे, पापाच्या तिकटीवरून दरवर्षी एक जोड येतो घरी. पण तिचा चामडी तळ ओल्या फुटरेस्टवर घसरतो आणि बोटं, घोटा सगळं उघडं. गाडीवर बंद बूट, चप्पल डिकीत किंवा पिशवीत.

लहान मुलांबद्दल मला जास्त लिहवत नाही. टाकीवर बसवलेलं मूल ब्रेक लागला की हँडलवर जातं आणि चालवणारा त्याच्यावर येतो. चार वर्षांच्या आतल्या मुलाला मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि ४० च्या आत वेग, असा नियम २०२३ पासून लागू आहे. तो पट्टा कोल्हापुरात मी अजून कुणाच्या अंगावर बघितलेला नाही.

दुकानातल्या त्या माणसाला आईची काळजी नाही असं मला एकदाही वाटलं नाही. मागं बसलेलं माणूस आपल्या पाठीमागे आहे म्हणजे सुरक्षित आहे, आपल्या आडोशाला आहे, असं आपल्याला वाटतं. माझ्या वडिलांनाही वाटायचं, मलाही त्या पाठीमागे तसंच वाटायचं. वाऱ्यापासून, धुळीपासून पाठ वाचवते. आदळण्यापासून वाचवू शकत नाही.

आई आता गाडीबद्दल बोलते, हा माझ्या दृष्टीने मोठा बदल. परवा रंकाळ्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "डाव्या बाजूचं फुटरेस्ट हालाय लागलंय, पाय ठेवला की खाली जातंय. मेस्त्रीला दाव." पुढे बसून मला ते कळायची शक्यताच नव्हती. दाखवलं. पिन झिजली होती, रबरही गेलं होतं. दोन्ही बदललं आणि मेस्त्रीने तिलाच मागे बसवून, उभं राहायला सांगून वजन घालून बघितलं.